‘फ्रेंच लोक बोलतच नाहीत असा काळ शिकवतात’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. दोनच तारे दिलेत, पण कारणं नीट लिहिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की आमच्या फ्रेंच वर्गाच्या बी-२ (वरच्या मध्यम पातळीच्या) बॅचमध्ये आम्ही स्यूब्जोंक्तिफ पासेवर, म्हणजे शंका, इच्छा, भावना अशा वाक्यांत येणाऱ्या स्यूब्जोंक्तिफ रूपाच्या पूर्ण झालेल्या क्रियेच्या काळावर, चार तास घालवले, तक्ते पाठ करायला लावले, फ्रेंच माणसं हा काळ बोलतच नाहीत, आणि देल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या पेपरात त्यावर एकही प्रश्न आला नाही.

आधी आमची चूक. पहिल्या दिवशी वाटलेल्या छापील कागदावर दोन तक्ते शेजारी-शेजारी होते, एक पासेचा आणि दुसरा अँपार्फेचा, म्हणजे स्यूब्जोंक्तिफच्याच दुसऱ्या, जुन्या भूतकाळाचा. ‘क नू पार्लासियों’ वगैरे रूपं अँपार्फेची. ती आज बोलण्यात नाहीत, जुन्या साहित्यात भेटतात. २६ फेब्रुवारी १९०१ च्या सरकारी आदेशानेच फ्रान्समधल्या परीक्षांत काही ठिकाणी त्यांच्याऐवजी साधा प्रेझों (वर्तमानकाळ) चालवून घ्यायला सुरुवात झाली. तो तक्ता फक्त ओळखीपुरता होता, पण हे मी वर्गात स्पष्ट सांगितलं नाही आणि तुम्ही तो पाठ करत बसलात. तुमचा तेवढा वेळ माझ्यामुळे वाया गेला. मनापासून माफी मागते.

पण पासेचं तसं नाही. पॅरिसमध्ये दाराशी आलेल्या पाहुण्याला कोणीही सहज म्हणतं, ‘झ स्वी कोंताँ क त्यू स्वा व्हन्यू’. तू आलास, बरं वाटलं. हे पुस्तकी बोलणं नाही. आणि पाठ करण्यासारखं त्यात फार थोडं आहे: आव्वार (जवळ असणं) आणि एत्र (असणं) या दोन क्रियापदांचा स्यूब्जोंक्तिफ प्रेझों, पुढे पासे कोंपोझेत, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या भूतकाळात, वापरता तेच धातुसाधित. कुठल्या क्रियापदाला एत्र लागतं तेही तुम्हाला आधीपासून येतं.

मग चार तास कशाला? रूप सोपं आहे, ते कधी वापरायचं हे कठीण आहे, म्हणून. ‘झ दूत किल व्हिएन’ म्हणजे तो येईल असं मला वाटत नाही. ‘झ दूत किल स्वा व्हन्यू’ म्हणजे तो आला असेल असं मला वाटत नाही. दोन्हीकडे शंका आजचीच आहे, फरक येणं पुरं झालं की नाही एवढाच. आणि ‘पासे’ या नावावर जाऊ नका. ‘इल फो क व्हूझ एये फिनी आव्हाँ मिदी’ यातलं काम अजून व्हायचंच आहे. मराठीत आपण म्हणतो, बाराच्या आत तुमचं काम झालेलं असलं पाहिजे. ते ‘झालेलं असलं’ कानात बसलं की हा काळ बसतो. वर्गात हे वाक्य मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायला हवं होतं, तक्त्याच्या आधी.

मराठी माणसाला एक गोष्ट सोपी जाते आणि तीच फसवते. ‘से ला प्ल्यू बेल लेत्र क झे एक्रीत’, ही मी लिहिलेली सगळ्यात सुंदर चिठ्ठी. चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून ‘लिहिलेली’, लेत्र स्त्रीलिंगी म्हणून ‘एक्रीत’, शेवटचा त ऐकूसुद्धा येतो. पण ‘मी चिठ्ठी लिहिली’ म्हणताना फ्रेंचमध्ये ते ‘एक्री’च राहतं, कारण तिथे कर्म क्रियापदाच्या मागून येतं. आपली सवय प्रत्येक वेळी ‘एक्रीत’ लिहायला लावते. मी स्वतः शिकत होते तेव्हा माझ्याही वह्या याच चुकीच्या लाल खुणांनी भरलेल्या असायच्या.

परीक्षेबद्दल. देल्फमध्ये व्याकरणाचा वेगळा प्रश्न नसतोच. पण बी-२ च्या लेखनात तासाभरात निदान २५० शब्दांत आपली बाजू मांडायची असते आणि त्याला २५ गुण असतात. ‘जरी अमुक झालं असलं तरी’ असं एक वाक्य आलं की ‘ब्यें क’, आणि ‘ब्यें क’ आलं की स्यूब्जोंक्तिफ. बोलताना निभावून जातं, कारण ‘किल ए’ आव्वारच्या स्यूब्जोंक्तिफमध्ये आणि एत्रच्या साध्या वर्तमानात सारखंच ऐकू येतं. कागदावर मात्र ए-आय-टी लिहायचं की ई-एस-टी, हे ठरवावंच लागतं. तुमच्या वहीत काय होतं ते मी इथे लिहिणार नाही, ती तुमची वही आहे. पण ती घेऊन या, दोघी मिळून बघू.

अँपार्फेच्या तक्त्यावर गेलेल्या एका तासाची फी तुमच्या बॅचमधल्या सगळ्यांना परत करते आहे. पुढच्या बॅचच्या कागदावरून तो तक्ता काढला आहे. पासेचे तास मात्र कमी करणार नाही.

येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा वर्गात मी आहे. फक्त वाक्यं घेऊ, तक्ता नाही. याचे पैसे नाहीत. तुम्ही आलात तर मला खरंच आवडेल.