डेअरीला दूध, पोराला कोरा चहा

काल कट्ट्यावर दुधावरून चांगलीच जुंपली. सुरुवात मास्तरांनी केली. शाळेच्या भिंतीवर ‘रोज दूध प्या’ असं रंगवून घ्यायचंय म्हणाले, कुणी पेंटर असेल तर सांगा.

आप्पा खूश. संगमनेर तालुक्यात दूध संकलन केंद्र चालवणारा माणूस तो. “पोरांना आत्तापासून सवय लागली तर खप वाढेल, दर तरी सुधारेल.”

मला हे पटेना. खप वाढवायला शाळा आहे का? “आप्पा, तुझ्या केंद्रावर दूध घालायला पोरंच येतात ना?”

येतात की. सकाळी सहाला सातवी-आठवीतली पोरं किटल्या घेऊन रांगेत असतात. नमुना यंत्रात जातो, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) लागलं की चेहरा खुलतो, पावती खिशात जाते आणि रिकामी किटली घेऊन पोरगं घरी. तिथं कोरा चहा आणि रात्रीची भाकरी. लिटरभर घरात ठेवलं तर पेंडीचं बिल कशातून भागवायचं? ह्या पोराला भिंतीवरून दूध प्यायला सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं.

“मग सांगायचंच नाही का?” मास्तर चिडले.

सांगा, पण आधी पेला हातात द्या. कर्नाटकात २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेत शाळकरी मुलांना १५० मिली दूध मिळतं. “ते पावडरचं,” आप्पा म्हणाला. असू दे, मुलाच्या पोटात तर जातं! आपल्याकडे २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचे पैसे थांबवून लोकसहभागातून भागवा म्हणून सांगितलं. याची चीड यायला हवी की नको?

डॉक्टरांचा मुद्दा वेगळाच. काही मुलांना दूध पचतच नाही, पोट फुगतं, जुलाब होतात. अशांना ताक-दही बरेचदा सोसतं, कारण विरजणात दुधातली साखर कमी होते. शिवाय कॅल्शियम म्हणाल तर शंभर ग्रॅम दुधात साधारण १२० मिलिग्रॅम, तेवढ्याच नागलीत, म्हणजे नाचणीत, तीनशेच्या वर. नागली तर शेजारच्या अकोले तालुक्यात पिकते. म्हणून सक्ती नको, असं डॉक्टरांचं म्हणणं, आणि ते मला मान्य आहे.

आप्पाने हिशेब मांडला. शंभर पोरं म्हणजे पंधरा लिटर, दोन संकरित गाईंची एक धार. “शनिवारचं मी देतो.”

“तापवणार कोण? शंभर पेले धुणार कोण?” मास्तर म्हणाले. खिचडी शिजवणारी ताई एकटीच, मानधनही तुटपुंजं.

आप्पाची दानत मोठी, पण मला एक शनिवार नको होता. वर्षभराचं दूध आणि ताईला मदतनीस, दोन्ही सरकारकडे मागायला हवं. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत तसा ठराव मांडायचा, इथवर मास्तर आले. रंगाचे पैसे मात्र अजून त्यांना भिंतीवरच घालायचे आहेत.