टक्केवारीत न मावणारी जखम

सप्टेंबर २०२३मध्ये सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनचे नवे नियम आले आणि आमच्या बुलढाण्याकडच्या माजी सैनिकांमध्ये जो वाद पेटला, तो अजून शमलेला नाही. खरा अपंग कोण, नुसते कागद जमवणारा कोण, बीपी-शुगरला पेन्शन द्यावी का. अग्निवीरांचा हिशेबही त्यातच येतो: शंभर टक्के अपंगत्वाला ४४ लाख, पंचाहत्तरला २५, पन्नासला १५. मी मेहकरकडची. अमेरिकेत, मिनिआपोलिसला, वाचोपचार तज्ज्ञ (स्पीच थेरपिस्ट) म्हणून काम करते. माझ्यासमोर बसणारे बरेच जण इराक-अफगाणिस्तानातून डोक्याला मार घेऊन आलेले असतात. त्यांची जखम या टक्क्यांत कशी बसवायची, हा प्रश्न गावाकडच्या वादात कोणी विचारतच नाही.

ही जखम दिसत नाही. स्फोटात छर्रा लागला नाही तरी हवेच्या दाबाची लाट मेंदूला हादरवून जाते. कवटी शाबूत असते आणि सौम्य इजेत सिटी स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मल येतो. जानेवारी २०२०मध्ये इराकमधल्या अल असद तळावर इराणची क्षेपणास्त्रं पडली. अमेरिकेनं आधी सांगितलं, कोणालाही इजा नाही. पुढे शंभराहून अधिक सैनिकांच्या मेंदूला मार बसल्याचं निदान झालं. सौम्य मार बसलेले बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात. जे सावरत नाहीत त्यांना ओठावर आलेला शब्द सापडत नाही, दोन कामं सांगितली तर एक विसरतं, चार जण एकदम बोलले की डोकं भणाणतं आणि राग अनावर होतो.

माझा मावसभाऊ काश्मीरमधून असाच परतला. त्याला सगळं समजतं, पण बँकेच्या खिडकीशी उभा राहिला की आपल्याला काय हवं तेच त्याला सांगता येत नाही. गाव म्हणतं, मिलिट्रीत पिऊन पिऊन असा झाला. तो दारूला शिवत नाही. वहिनीनं मला फोनवर विचारलं, "ताई, हे मुद्दाम तं नाही करत ना?" मला या प्रश्नाचा राग आला नाही. तिला कोणत्याही डॉक्टरनं काही समजावूनच सांगितलं नव्हतं.

पाय गमावलेल्या जवानासाठी पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून आहे. पाठीचा कणा मोडलेल्यांसाठी खडकीचं केंद्र १९७४पासून. शब्द हरवलेला जवान लष्करी रुग्णालयातून घरी आला की त्याचा उपचार मात्र बहुधा तिथंच संपतो, कारण तालुक्याच्या गावी वाचोपचार मिळत नाही. गडचिरोलीत नक्षलवाद्यांशी लढणाऱ्या सी-६० या पोलीस पथकाचं तर आणखी अवघड. सुरुंगस्फोटांचा धोका त्यांनी वर्षानुवर्षं झेलला, पण माजी सैनिकांची आरोग्य योजना त्यांच्यासाठी नाही.

अमेरिकेकडून घ्यावी अशी पहिली गोष्ट म्हणजे नोंद. तिथं संसदेनं सैनिकांच्या मेंदूच्या इजेसाठी १९९२मध्येच वेगळा कार्यक्रम उभा केला. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांतून आलेला माजी सैनिक कोणत्याही दुखण्यासाठी सरकारी रुग्णालयात गेला तरी २००७पासून त्याला ठरावीक प्रश्न विचारतात: स्फोटाजवळ होता का, शुद्ध हरपली का, त्यानंतर विसरायला होतं का. २०००पासून पाच लाखांहून अधिक सैनिकांमध्ये मेंदूची इजा नोंदली गेली. एवढी मोठी संख्या समोर आल्यावर संशयाला जागा कमी उरते.

पण तिथलं सगळंच घेण्याजोगं नाही. माझ्याकडे येणारा माणूस तासभर बोलतो आणि एकट्याच्या घरात परततो. त्याच्याशी बोलायला माणूस मिळावा म्हणून आम्हाला गट जमवावे लागतात. विदर्भातल्या घरात आई, बायको, पुतणे, शेजारचे काका असतात, दारापुढे ओटा असतो. हे लोक उपचारात हवेत आणि त्यांना शिकवणं फार अवघड नाही.

मी वहिनीला फोनवरच शिकवलं. शब्द अडला तर तो पटकन पुरवायचा नाही. 'डवरा' (पिकातलं तण काढायचं औजार) आठवत नसेल तर विचारायचं: कशानं ओढतात, कोणत्या पिकात चालवतात, आपला कुठं ठेवलाय? आजूबाजूच्या धाग्यांवरून मेंदू शब्दापर्यंत पोचतो. एका वेळी एकच काम सांगायचं. खिशात वही ठेवायची आणि आदल्या रात्री उद्याची कामं त्यानं स्वतः लिहायची. बोलणं महत्त्वाचं असेल तर टीव्ही बंद. आणि हे सगळं घरच्या वऱ्हाडीत; पुस्तकी मराठीतली चित्रांची कार्डं त्याच्या उपयोगाची नव्हती. गडचिरोलीत हेच गोंडीत, माडियात करावं लागेल.

गावातल्या बायकांना एवढं जमेल का, असं कोणी विचारलं तर उत्तर गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं खेड्यातल्या स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्या गावांतले नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले आणि १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. बाळाचा श्वास मोजणं जमलं, तर शब्दासाठी थांबणंही जमेल. वर मार्गदर्शनाला तज्ज्ञ मात्र हवा. बालकांसाठीच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत वाचोपचार तज्ज्ञाचं पद असतं. ती पदं भरा, वाढवा आणि आठवड्यातला एक दिवस प्रौढांसाठी ठेवा.

सुरुवात येत्या नोव्हेंबरला करता येईल. पेन्शनर तेव्हा हयातीचा दाखला देतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं त्याच वेळी स्फोटाचे आणि विसरण्याचे ते प्रश्न मराठीत विचारावेत, आणि सोबत आलेल्या बायकोला किंवा आईला वेगळं बसवून तिचंही ऐकावं.