आदर्श ग्राहकाने सीडी कशी ऐकावी

सर्वप्रथम अभिनंदन! तुम्ही गाण्यांची सीडी दुकानात जाऊन, रोख पैसे मोजून, पावतीसकट विकत घेतलीत. म्हणजे तुमच्यावर संशय घ्यायला आता भक्कम आधार मिळाला. गाणी इंटरनेटवरून फुकट उतरवणाऱ्याचा बंदोबस्त करायचा तर आधी त्याला शोधावं लागतं, आणि ते काही जमत नाही. तुम्ही आयते सापडलात. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात हीच तर सोय असते, संन्यासी पळून जात नाही.

गाण्यांच्या सीडी काढणाऱ्या सोनी बीएमजी या कंपनीने 2005 साली अमेरिकेत, नकला रोखण्यासाठी सीडीतच एक प्रोग्राम लपवून, हे धोरण मनापासून राबवलं. आदर्श ग्राहक कसा नसावा याचे उत्तमोत्तम नमुने त्या काळात तिथे पाहायला मिळाले. त्यांच्यापासून धडा घ्या.

सीडी संगणकात घातली की पडद्यावर एक करारनामा येतो. तो वाचू नका. ज्यांनी वाचला त्यांना त्यातून एवढंच कळलं की सीडी चोरीला गेली तर संगणकावर उतरवलेली गाणीही पुसायची. दिवाळं वाजलं तर पुसायची. देश सोडून चाललात तरी पुसायची. न्यू जर्सीचा संसार आवरून कायमचं पुण्याला परतणाऱ्या मंडळींनी बॅगा भरण्याच्या यादीत हेही काम लिहून ठेवावं, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या टाकून देण्याच्या आधी किंवा नंतर, कसंही. आणि या सगळ्यात कंपनीमुळे तुमचंच काही नुकसान झालं तर ती भरपाई देणार जास्तीत जास्त 5 डॉलर. सीडीची किंमतही याहून जास्त होती, पण बोलून दाखवू नये.

करार मान्य नसेल तर ‘नको’वर क्लिक करायची मुभा होती. जरूर करावी, मनाला बरं वाटतं. याच कंपनीच्या काही सीडींवर मीडियामॅक्स नावाचा दुसरा प्रोग्राम होता. तो तुमच्या नकाराची वाट न पाहता आधीच फाइली संगणकात टाकून मोकळा व्हायचा. लग्नाला नकार कळवायला जावं आणि मुलगी सामानासकट घरात आलेली असावी, तसा प्रकार.

आता मुख्य पथ्य. आपल्या संगणकात काय चाललंय हे डोकावून पाहू नका. मार्क रुसिनोविच नावाच्या विंडोजच्या जाणकाराने हा भोचकपणा केला. त्याने व्हॅन झँट या गायक बंधूंची सीडी रीतसर विकत घेतली होती. एक दिवस संगणक तपासताना त्याला लपवलेल्या फाइली सापडल्या. फाइलच्या नावाच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह, मग ‘सिस’, मग पुन्हा डॉलरचं चिन्ह असलं, की ती फाइल खुद्द विंडोजलाही दिसेनाशी व्हायची. या लपवाछपवीला रूटकिट म्हणतात आणि तोवर ती प्रामुख्याने व्हायरस लिहिणाऱ्यांची विद्या समजली जायची. फर्स्ट फोर इंटरनेट या ब्रिटिश कंपनीने एक्ससीपी या नावाने ती सोनीला विकली. उद्देश पवित्र होता: ग्राहकाने सीडीच्या तीनपेक्षा जास्त प्रती काढू नयेत.

हा पहारेकरी कामाला मोठा तत्पर. तुम्ही गाणी ऐका, पत्र लिहा, नाहीतर पत्ते खेळत बसा. तो दर दोन सेकंदांनी चालू असलेले सगळे प्रोग्राम तपासायचा आणि प्रत्येक फेरीत एकेका फाइलची आठ-आठ वेळा चौकशी करायचा. नाव मात्र असं घेतलं होतं, ‘प्लग अँड प्ले डिव्हाइस मॅनेजर’, की बघणाऱ्याला विंडोजचाच कुणी गरीब कारकून वाटावा. रुसिनोविचने त्याला हाताने हाकलला, तर जाताना तो सीडी ड्राइव्हही घेऊन गेला. म्हणजे ड्राइव्ह जागेवरच, पण संगणकाला ओळख पटेना. बघा, आगाऊपणाची फळं.

31 ऑक्टोबर 2005 रोजी त्याने हे सगळं जाहीर केलं आणि लोक खवळले. अशा वेळी आदर्श ग्राहकाने कंपनीचे अधिकारी थॉमस हेसी यांचे बोल ऐकावेत. नॅशनल पब्लिक रेडिओवर ते म्हणाले की बहुतेक लोकांना रूटकिट म्हणजे काय हेच माहीत नसतं, मग त्यांनी त्याची फिकीर कशाला करावी? या विचाराला तोड नाही. जे ठाऊक नाही ते टोचत नाही, आणि ठाऊक होऊ नये म्हणून तर लपवलं होतं. आमच्या मते नोव्हेंबर 2005 मध्ये जगात याहून प्रामाणिक वाक्य कुणी उच्चारलं नसावं.

या काळ्या पडद्याचा लाभ इतरांनीही घेतला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळात लबाडी करणाऱ्यांनी आपल्या प्रोग्रामला तेच डॉलरवालं नाव दिलं, आणि खेळाची पहारा देणारी यंत्रणा आंधळी झाली. पाठोपाठ त्याच आडोशाला लपणारे ट्रोजनही, म्हणजे साळसूद सोंग घेऊन शिरणारे घातकी प्रोग्राम, फिरू लागले. सीडीच्या किमतीत इतक्या जणांची राहण्याची सोय होत असेल तर ग्राहकाने कुरकुर का करावी?

तरीही काढून टाकायचाच हट्ट असेल तर संयम हवा. आधी अर्ज भरा: कुठली सीडी, कुणाची, कुठल्या दुकानातून, तुमचा ईमेल. मग पत्र येईल. पत्रात दुसऱ्या पानाचा पत्ता. त्या पानावर आणखी एक प्रोग्राम बसवून घ्या (हो, काढण्यासाठी आधी बसवायचा), पुन्हा अर्ज, मग पुन्हा पत्राची वाट. शेवटी मिळणारी लिंक त्याच एका संगणकावर चालणार. आपल्याकडे तलाठी कार्यालयात हेलपाटे घातलेल्यांना हे सगळं घरच्यासारखं वाटेल. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एड फेल्टन आणि अ‍ॅलेक्स हाल्डरमन यांनी दाखवलं की काढण्यासाठी बसवलेला तो प्रोग्राम मागे राहतो आणि त्याच्यामुळे कुठलीही वेबसाइट तुमच्या संगणकावर हवं ते चालवू शकते. दुखण्यापेक्षा औषध मोठं, हे तुम्ही ऐकलं असेलच.

एवढ्यात अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याचे स्टुअर्ट बेकर यांनी भर सभेत ऐकवलं की बौद्धिक संपदा तुमची असेल, पण संगणक तुमचा नाही. वाचकहो, हे तुम्हाला नव्हतं, ते कंपन्यांना सुनावत होते. तुम्ही मनावर घेऊ नका आणि संगणक आपला आहे अशा भ्रमात राहू नका.

भ्रमात राहिलेल्यांनी काय केलं बघा. अ‍ॅमेझॉनवर सीडीखाली शिव्यांची लाखोली वाहिली. बिचाऱ्या गायकांना त्यातलं काही माहीत असेल-नसेल, त्यांचीही धुलाई झाली. टेक्सासचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य सरकारी वकील, ग्रेग अ‍ॅबट यांनी त्याच वर्षीच्या स्पायवेअरविरोधी (संगणकात लपून हेरगिरी करणाऱ्या प्रोग्रामांविरुद्धच्या) कायद्याखाली खटला भरला, प्रत्येक उल्लंघनामागे 1 लाख डॉलरपर्यंत दंडाची मागणी करून. ग्राहकांच्या वतीने खटले झाले ते वेगळेच. नोव्हेंबर संपण्याआधी कंपनीने 52 अल्बम परत मागवले. एक्ससीपीच्या सुमारे 47 लाख सीडी बाजारात पाठवल्या होत्या आणि त्यांतल्या 21 लाखांच्या आसपास विकल्याही गेल्या होत्या.

मध्येच आणखी एक गंमत निघाली. दुसऱ्याच्या मालाची चोरी होऊ नये म्हणून बनवलेल्या या एक्ससीपीत मुक्त परवान्याच्या (अटी पाळून कुणीही वापरावेत अशा) प्रोग्रामांमधले तुकडे सापडले, परवान्याच्या अटी धाब्यावर बसवून वापरलेले. यावर काय लिहावं हे आम्हाला सुचत नाही, सबब पुढे जाऊ.

मे 2006 मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयाने तडजोड मंजूर केली. सीडी परत करणाऱ्याला शुद्ध सीडी बदलून, शिवाय साडेसात डॉलर आणि एक अल्बम फुकट, किंवा रोख नको असेल तर तीन अल्बम. आदर्श ग्राहकाने तीन अल्बम घ्यावेत. पैसे घेतले तर आपण पैशांसाठी भांडत होतो असा गैरसमज व्हायचा. वर्षअखेरीस टेक्सास आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी प्रत्येकी साडेसात लाख डॉलर वसूल केले. त्यांच्या बाबतीत असा गैरसमज झाल्याचं ऐकिवात नाही.

शेवटी बोटांविषयी. सीडी घालताना शिफ्टची कळ दाबून धरली की विंडोज सीडीवरचा प्रोग्राम आपोआप सुरू करत नाही, आणि लाखो डॉलरची सुरक्षा दारातच उभी राहते. हे तेव्हा विद्यार्थी असलेल्या याच हाल्डरमनने मीडियामॅक्सच्या जुन्या आवृत्तीबद्दल 2003 सालीच लिहून ठेवलं होतं. तर ती बनवणाऱ्या सनकॉम कंपनीने त्याच्यावर दावा ठोकण्याची धमकी दिली. दुसऱ्याच दिवशी ती मागे घेतली म्हणा. पण कंपन्यांचा काय नेम? सीडी आत सरकवताना दोन्ही हात मांडीवर ठेवावेत, दिसतील असे.