कूस बदलण्याचे पैसे कोणी द्यायचे?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. ती बदलली गेली नाही, तर माकडहाडापाशी किंवा टाचांवर बेडसोअर, म्हणजे सततच्या दाबाने होणाऱ्या जखमा, होतात. एकदा जखम झाली की तिच्या ड्रेसिंगसाठी परिचारिका घरी येते, तिचे काम ‘उपचार’ ठरते आणि एखादी विमा योजना किंवा सरकारी योजना त्याचा खर्च उचलण्याची निदान शक्यता तरी असते. जखम होऊच नये म्हणून रात्रंदिवस कूस बदलणाऱ्या व्यक्तीचे काम मात्र ‘सांभाळ’ ठरते आणि त्याचे पैसे बहुधा घरच्यांनाच द्यावे लागतात. आईला अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर तिला घरी ठेवून सांभाळताना मला ही विसंगती टप्प्याटप्प्याने कळत गेली. घरगुती आरोग्यसेवेच्या खर्चाचा सगळा गोंधळ ‘उपचार’ आणि ‘सांभाळ’ यांच्यामधल्या या एका रेषेपाशी सुरू होतो, असे माझे मत झाले आहे.

‘घरी नर्स ठेवली आहे,’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ती व्यक्ती बऱ्याचदा नर्स नसते. प्रशिक्षित आणि नोंदणीकृत परिचारिकेचे काम म्हणजे शिरेतून औषध देणे, कॅथेटर (लघवीची नळी) किंवा राईल्स ट्यूब (नाकातून पोटात अन्न पोचवणारी नळी) बदलणे, ट्रॅकिओस्टॉमीचे सक्शन करणे (श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्रातला स्राव यंत्राने ओढून काढणे), जखम तपासून ती सुधारते आहे की चिघळते आहे हे डॉक्टरांना कळवणे. आंघोळ घालणे, भरवणे, डायपर बदलणे, हात धरून चालवणे ही कामे मदतनीस किंवा केअरटेकर करतात. फिजिओथेरपिस्ट, गिळण्याच्या व बोलण्याच्या अडचणींवर काम करणारे स्पीच थेरपिस्ट आणि दैनंदिन हालचाली पुन्हा शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट हा आणखी एक गट आहे. ते ठरलेल्या वेळी येतात आणि तासाभरात जातात. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातील वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा, ही स्वतंत्र सेवा आहे. ती केवळ शेवटच्या दिवसांसाठी असते, असा गैरसमज असल्याने तिच्याकडे लोक फार उशिरा वळतात. याशिवाय ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, फाउलर बेड (डोक्याकडची बाजू वर-खाली करता येणारा पलंग), एअर मॅट्रेस अशी उपकरणे डिपॉझिट भरून भाड्याने घेता येतात. कोणत्या सेवेचे पैसे कोण देणार, हे आजाराच्या गांभीर्यापेक्षा ती सेवा यांपैकी कोणत्या नावाखाली नोंदली जाते यावर अधिक ठरते.

ही रेषा सर्वांत ठळक दिसते ती अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत. 1965 मध्ये कायदा होऊन पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या आणि प्रामुख्याने 65 वर्षांवरील नागरिकांसाठी असलेल्या या योजनेत रुग्णाला घराबाहेर पडणे फार कष्टाचे असेल, त्याला अधूनमधून कुशल परिचारिकेची किंवा थेरपीची गरज असेल आणि डॉक्टरांनी सेवेचा आराखडा प्रमाणित केला असेल, तर घरी येणाऱ्या या सेवेसाठी त्याला सहसा काहीही द्यावे लागत नाही. परंतु चोवीस तासांची सोबत, घरपोच जेवण किंवा केवळ आंघोळ व कपडे बदलणे एवढीच गरज असेल, तर मेडिकेअर पैसे देत नाही. रुग्णात सुधारणा होत नसेल तर सेवा बंद, असाही अर्थ तिथे वर्षानुवर्षे लावला जात असे. 2013 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या एका तडजोडीनंतर, आहे ती स्थिती टिकवण्यासाठी कुशल सेवा आवश्यक असेल तर तीही मिळाली पाहिजे, हे स्पष्ट झाले. दीर्घकाळच्या सांभाळासाठी अल्प उत्पन्न गटाला मेडिकेड या दुसऱ्या सरकारी योजनेचा आधार असतो. मात्र 55 वर्षांनंतर अशा सेवेवर झालेला खर्च रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेतून वसूल करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, अशीही तरतूद आहे. म्हणजे ज्याला मदत म्हणायचे, ती काही कुटुंबांसाठी लांबणीवर टाकलेली परतफेडच असते.

भारतातील आरोग्य विम्याची रचना मुळात रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेली आहे. अनेक पॉलिसींमध्ये ‘डॉमिसिलरी हॉस्पिटलायझेशन’ (रुग्णालयाऐवजी घरी होणारे उपचार) नावाचे कलम असते आणि ते वाचून घरची सगळी शुश्रूषा त्यात येते, अशी समजूत होते. एरवी रुग्णालयात दाखल व्हावे लागले असते असा आजार, रुग्णाला हलवता न येणे किंवा रुग्णालयात जागा नसणे, आणि तीन दिवसांहून अधिक काळ घरी चाललेले उपचार, अशा अटींत ते कलम बसते. अर्धांगवायूचा रुग्ण स्थिर झाल्यावर त्याला महिनोन्‌महिने लागणारा केअरटेकर त्यात बसत नाही. आमचा दावा नाकारला गेला तेव्हा मला राग आला होता. पण पॉलिसीत ते आधीपासून लिहिलेले होते आणि आम्ही ते वाचले नव्हते, हेही मान्य करायला हवे.

ही रेषा अटळ आहे का? जर्मनीने 1995 मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेसाठी स्वतंत्र सक्तीचा सामाजिक विमा सुरू केला. तिथे माणसाला स्वतःचे किती करता येते, हे तपासून त्याची श्रेणी ठरते. 2017 मध्ये या श्रेणी तीनवरून पाच करण्यात आल्या आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या गरजांनाही शारीरिक परावलंबनाइतकेच वजन मिळाले. चालता-फिरता येणारा, पण गॅस उघडा ठेवणारा किंवा मध्यरात्री दार उघडून निघून जाणारा रुग्ण ज्यांनी सांभाळला आहे, त्यांना या बदलाचे मोल वेगळे सांगायला नको. दुसऱ्या श्रेणीपासून पुढे कुटुंबाला व्यावसायिक सेवा किंवा रोख भत्ता यांतून निवड करता येते. भत्त्याची रक्कम सेवेच्या मूल्याच्या निम्म्याहूनही कमी असते, तरी घरी राहणाऱ्या रुग्णांची बहुसंख्य कुटुंबे भत्ताच निवडतात. ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या घरच्या शुश्रूषकाच्या पेन्शनची वर्गणीही हा विमा भरतो.

जपानने एप्रिल 2000 मध्ये अशीच योजना आणली. चाळिशीपासून वर्गणी, निम्मा निधी वर्गणीतून व निम्मा करांतून, आणि सेवा घेताना सर्वसाधारणपणे 10 टक्के वाटा रुग्णाचा. उत्पन्न अधिक असल्यास तो 20 किंवा 30 टक्के होतो. मात्र रोख भत्ता देण्याचे जपानने टाळले. असा भत्ता दिला तर घरातल्या सुना आणि मुली त्या कामाला कायमच्या जुंपल्या जातील, असा आक्षेप तिथल्या महिलांनी घेतला होता. मला सैद्धांतिकदृष्ट्या जपानचा विचार अधिक पटतो. तरीही रात्री दोन वाजता आईला उठवून बसवताना मला जर्मनीचा पर्यायच हवासा वाटला असता, कारण त्या वेळी घरात मीच असते, हे कोणत्याही योजनेने बदलणार नव्हते.

जिथे अशी व्यवस्था नाही, तिथे पैसे खिशातूनच जातात आणि मग आकारणीची पद्धत नीट समजून घ्यावी लागते. परिचारिका आणि थेरपिस्ट यांचे पैसे सहसा प्रत्येक भेटीनुसार, तर केअरटेकरचे बारा किंवा चोवीस तासांच्या पाळीनुसार घेतले जातात. ‘चोवीस तास’ या शब्दाने फसू नये. तीच व्यक्ती रात्रभर दर दोन तासांनी उठून दिवसाही काम करू शकत नाही. तिला झोप लागतेच. रात्रीची गरज खरोखर मोठी असेल, तर दोन पाळ्यांचा खर्च धरूनच हिशेब मांडावा लागतो. आम्ही तो मांडला नाही आणि तीन महिन्यांत दोन केअरटेकर काम सोडून गेल्या. त्यांची चूक होती, असे मला आज वाटत नाही. ग्लोव्हज, डायपर, ड्रेसिंगचे सामान बिलात धरले आहे की वेगळे, हेही आधी विचारावे.

एजन्सीमार्फत माणूस घेतला तर कमिशन जाते, पण तो गैरहजर राहिल्यास बदली माणूस आणि ओळखपत्रांची पडताळणी ही जबाबदारी एजन्सीची असते, किंवा निदान करारात ती तशी लिहून घेता येते. थेट नेमणूक स्वस्त पडते आणि पैसे पूर्ण त्या व्यक्तीच्या हाती जातात. मात्र मग आठवड्याची सुट्टी, तिचे आजारपण, रुग्णाला उचलताना तिची पाठ भरली तर तिचा औषधोपचार, हे सारे आपल्याकडे येते. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी थेट नेमलेली बाई होती. तिच्या सुट्टीच्या दिवशी कूस बदलायची पाळी माझी असे, आणि त्या दिवसाचा खर्च आमच्या हिशेबाच्या वहीत कधीच लिहिला गेला नाही.