सांगकेचे पांढरे तंबू आणि ‘खरे’ भटके : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, त्यामुळे उत्तरही सविस्तर देता येतंय. तुमचा राग थोडक्यात असा : तिबेटी पशुपालकांच्या कुरणावरच्या गावाबद्दलचा लेख वाचून तुम्ही मेच्या शेवटी गान्सू प्रांतात, लाब्रांग मठाजवळच्या सांगकेला गेलात. रस्त्याकडेला नक्षीचे पांढरे तंबू, भाड्याचे घोडे आणि फोटोसाठी सजवून उभा केलेला याक दिसला. आत गावात गेलात तर पक्की घरं, मोटारसायकली, सौर पॅनल आणि घरोघरी फक्त म्हातारी माणसं. शाकाहारी असल्यामुळे खायचे हाल झाले ते वेगळेच. ‘हे सगळं नाटक आहे, खऱ्या भटक्यांचा पत्ता आणि फोन नंबर द्या,’ असं तुमचं म्हणणं.

पांढऱ्या तंबूंबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. तिथे जेवण आणि नाच विकला जातो, गुरं राखली जात नाहीत. पण तो तंबू पर्यटकांसाठी शोधून काढलेला नाही. घोड्यांच्या शर्यती, सण, उन्हाळी सहली यांसाठी नक्षीचा पांढरा कापडी तंबू तिबेटी लोक पूर्वीपासून वापरत आले आहेत. राहायचा तंबू वेगळा, याकच्या केसांचा, काळा.

गावाला मात्र नाटक म्हणू नका. आमदोतले, म्हणजे तिबेटी पठाराच्या ईशान्य भागातले, पशुपालक बाराही महिने वाटेल तिथे हिंडत नाहीत, पूर्वीही हिंडत नव्हते. हिवाळ्याचा मुक्काम खाली, उन्हाळ्याचं कुरण वर, आणि या दोहोंत ठरलेली ये-जा. 1980 च्या दशकात गुरं आणि पुढे कुरणंही कुटुंबांच्या नावे वाटली गेली, हळूहळू तारेची कुंपणं आली. 2003 पासून गुरं कमी करून कुरण राखण्याची सरकारी योजना सुरू झाली आणि कुटुंबांना पक्क्या घरांत वसवण्याचा जोरही वाढला. या योजनेनं कुरणाचं भलं झालं की माणसांचं नुकसान, यावर भांडण्यासारखं पुष्कळ आहे. पण तुम्ही पाहिलेली घरं त्यातूनच उभी राहिली आहेत, तुमची फसवणूक करायला नव्हे. मोटारसायकल हे तिथलं रोजचं गुराख्याचं वाहन आहे. मोटारसायकल दिसली की माणूस खोटा ठरतो, हा हट्ट पाहुण्यांचा. आपल्या धनगराच्या हातात मोबाइल दिसला म्हणून त्याचा वाडा खोटा ठरवाल का?

आता म्हातारी माणसंच का दिसली, ते सांगतो. मे-जून हा यार्त्सा गुन्बूचा, म्हणजे अळीवर वाढणाऱ्या औषधी बुरशीचा हंगाम. ती सोन्याच्या तोलाने विकली जाते आणि अनेक कुटुंबांचं वर्षाचं रोख उत्पन्न याच काही आठवड्यांत ठरतं. धडधाकट माणसं आणि मुलंसुद्धा डोंगरउतारावर गुडघे टेकून गवत धुंडाळत असतात. पाठोपाठ गुरं वरच्या कुरणात न्यायची गडबड. तुम्ही अगदी नेमके चुकीच्या वेळी गेलात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेर गेलात तर गवत पूर्ण वाढलेलं, दूध भरपूर आणि लोण्याचं काम जोरात. दुपारी पाऊस येतो आणि रात्री भर ऑगस्टातही थंडी वाजते, एवढी तयारी ठेवा.

वस्ती राबती आहे की दिखाऊ, हे तंबूच्या रंगावरून ठरवू नका. काळे तंबू आता कमी झालेत, कारण ते विणणं जिकिरीचं आहे : याकचे केस कातायचे, वीतभर रुंदीच्या लांब पट्ट्या जमिनीवरच्या मागावर विणायच्या, त्या एकमेकींना शिवून दोन अर्धे भाग करायचे आणि मध्ये धूर जायला फट ठेवून ते जोडायचे. वीण सैल असते, कोरडं असताना आतून उजेड झिरपतो; भिजलं की धागे फुगून भोकं बुजतात. असा तंबू हलवायला जड पडतो, म्हणून वरच्या कुरणात बहुतेक जण हलकं कॅनव्हास नेतात. तेव्हा पाहायची ती दावण. तंबूपुढे जमिनीलगत लांब दोर ताणून खुंट्यांनी पक्का केलेला असतो, त्याला हातहातभर अंतरावर फासे, आणि प्रत्येक जनावराच्या गळ्यातल्या पट्ट्याची खुंटी त्या फाशात अडकवलेली. दावणीखालची जमीन शेणाने काळी झालेली असेल, शेजारी गोवऱ्यांची रास असेल आणि कुत्रं भुंकत असेल, तर तिथे माणसं राबतायत. खुंट्या नव्या आणि गवत हिरवंगार असेल तर खुशाल फोटो काढा आणि पुढे चला.

अशा ठिकाणी सकाळी लवकर पोहोचा. द्री, म्हणजे याकची मादी, दिवसाला जेमतेम लिटर-दीड लिटर दूध देते, पण त्यात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. आधी वासरू लावतात, पान्हा सुटला की त्याला ओढून दावणीला बांधतात आणि मग धार काढतात. लोण्यासाठी आता बऱ्याच घरांत हाताने फिरवायचं साय काढायचं यंत्र आहे. दूध कोमट असतानाच त्यात ओतावं लागतं; गार झालं तर साय घट्ट होऊन आतल्या चकत्यांत अडकते. हँडल संथ फिरवलं तर साय वेगळी न होता पातळ दुधाबरोबर निघून जाते. पाहुण्याला हौसेने हँडल देतात, पण दमलात तर वेग मंदावण्याआधीच दुसऱ्याच्या हाती द्या, नाहीतर त्यांचं लोणी कमी होतं. उरलेल्या दुधाचं आंबवून-उकळून, पाणी गाळून, वाळवून छुरा, म्हणजे सुकं चीज, करतात.

यातच तुमच्या उपासमारीचं उत्तर आहे. रस्त्याकडेच्या तंबूत मटणच मिळणार, मोमोतही मांसच. घरात मात्र त्साम्पा (भाजून दळलेलं जव), लोणी, छुरा, दही आणि चहा यांवर शाकाहारी माणूस आरामात निभावतो. ‘शा मि सा’, मांस खात नाही, एवढं आधीच सांगा. भांडं वाढल्यावर सांगितलंत तर यजमानाची पंचाईत होते. चहा ल्हासासारखा लोणी घुसळलेला नसतो. आमदोत दूध-मिठाचा असतो, लोण्याचा गोळा वेगळा येतो. वाटीत लोणी आणि छुरा घ्या, वर चहा. तो पीत जा, पुन्हा भरतील. तळाशी दोन-तीन घोट उरले की त्साम्पा घाला. एका हाताने वाटी फिरवत दुसऱ्या हाताच्या बोटांनी कडेला दाबत मळा. पीठ एकदम जास्त टाकलंत तर कोरडं उडून ठसका लागतो, चहा जास्त उरला तर खळ होते. सणावाराला ड्रोमा मिळतो : कुरणात उगवणारी बारीक गोडसर मुळं, भात, लोणी आणि साखर. (जैन वाचकांनो, मुळं आहेत.)

लेखात उंचीचा बाऊ केला असं म्हणता, कारण तुम्ही लेह बाइकवर केलंय. गेल्या वर्षीची सवय या वर्षी शरीराला आठवत नाही; खाली आल्यावर काही आठवड्यांत ती जाते. सिचुआन प्रांतात चेंगडू शहर 500 मीटरच्या आसपास आणि कुरणांजवळचा होंगयुआन विमानतळ साडेतीन हजारांवर. तिथे थेट उतरणं म्हणजे डोकेदुखीला आमंत्रण. लान्झोऊहून (1500 मीटर) शिआहला, म्हणजे लाब्रांग मठाच्या गावी (2900), येऊन दोन रात्री काढा, मग सांगके, लांगमुसी आणि पुढे सिचुआनमधलं झोगे. औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ती आवर्जून सांगा.

झोगेत आणखी एक गोष्ट. तिथलं कुरण म्हणजे जगातल्या मोठ्या उंचावरच्या पीट दलदलींपैकी एक आहे. 1935 मध्ये चिनी कम्युनिस्टांच्या लाल सैन्याच्या लाँग मार्चमध्ये ती ओलांडताना पुष्कळ सैनिक मेले. वरून सपाट हिरवळ दिसते, पाय मांडीपर्यंत जातो. गवताच्या उंचवट्यांवर पाऊल टाका, मधल्या चकचकीत ओल्या जागांवर नको, आणि यजमानाच्या मागोमागच चाला. गाडी गवतावर घालू नका; तुटलेलं मुळांचं जाळं भरून यायला वर्षं लागतात. कुंपणाचं फाटक होतं तसं लावून घ्या, कारण दोघांची गुरं मिसळली की भांडण यजमानाच्या गळ्यात पडतं.

म्हणूनच ‘खऱ्यांचा’ पत्ता आणि फोन नंबर इथे देणार नाही. वरच्या कुरणात न सांगता जाणं म्हणजे कुणाच्या अंगणात शिरणंच, आणि राखणीच्या कुत्र्यांना तुमचा हेतू कळत नाही. दुरून हाक मारायची, माणूस बाहेर येऊन कुत्रं धरेपर्यंत जागचं हलायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही. आत गेल्यावर दाखवतील तिथे बसा, चुलीवरून पाय टाकू नका, चुलीत कचरा टाकू नका.

यजमान लांगमुसी किंवा शिआहमधल्या अतिथीगृहांतून मिळतो. ठरवताना माणशी रक्कम, त्यात जेवण किती वेळा, घोडा धरलाय का आणि तो किती तास, परतीची गाडी कोणाची, हे सगळं आधी बोलून घ्या. भेट म्हणून विटेसारखा दाबलेला चहा, फळं, खडीसाखर चालते. तिबेट स्वायत्त प्रदेशासाठीचा वेगळा परवाना या भागाला लागत नाही, चीनचा व्हिसा पुरतो. पण हॉटेलबाहेर कुणाकडे राहिलात तर 24 तासांत स्थानिक पोलिसांकडे नोंद करावी लागते. वरच्या तंबूत ते जमणं अवघड, म्हणून दिवस वर काढून रात्री गावातल्या हॉटेलात परतणं सोयीचं. नोंद राहिली तर त्रास यजमानालाही होतो.