‘विहिरीचा आणि ओढ्याचा काय संबंध?’ या फिरत्या संदेशाला उत्तर

एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जमिनीखाली स्वतंत्र नद्या वाहतात, वरच्या ओढ्या-नद्यांशी त्यांचं देणंघेणं नाही. ओढा पावसावर चालतो, विहीर भूजलावर. दरवर्षी जेवढं पाणी मुरतं त्यापेक्षा कमी उपसलं तर कुणाचंच काही जात नाही. बोअर खोल घेतली की प्रश्नच मिटला. आणि एवढं करून ओढा आटलाच, तर पंप बंद केला की तो पुन्हा वाहू लागतो.

वाचायला सोपं आहे, म्हणून पटतं. पण जलशास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षं मोजमाप करून जे दाखवून दिलं, त्याच्या हे जवळजवळ सगळं उलटं आहे. या समजुतीवर विसंबून पाण्याचे निर्णय घेतले जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी त्या ‘भूगर्भातल्या नद्या’. बहुतेक ठिकाणी जमिनीखाली नदी नसते. असते ओली वाळू, खडी, भेगाळलेला खडक. पाणी फटींतून झिरपत पुढे सरकतं. फ्रान्समधल्या दिजाँ शहरात आंरी दार्सी या अभियंत्याने वाळूने भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडून १८५६ मध्ये या झिरपण्याचा नियम मांडला: पाण्याच्या पातळीचा उतार जितका जास्त आणि वाळू जितकी मोकळी, तितका प्रवाह जास्त. भरड खडीत हा वेग दिवसाला काही मीटर असू शकतो, घट्ट चिकणमातीत वर्षाला काही सेंटिमीटरसुद्धा नसतो.

चुनखडीच्या प्रदेशात मात्र खडक विरघळून खरोखरच भुयारं तयार होतात आणि त्यांतून पाणी वाहतं. पण तिथला अनुभव तर या संदेशाला आणखीच खोटं पाडतो. जर्मनीत इमेंडिंगेनजवळ डॅन्यूबचं पाणी पात्रातूनच खाली गडप होतं. ते सुमारे १२ किलोमीटरवर आख नदीच्या झऱ्यात निघत असावं, अशी शंका होती. १८७७ मध्ये पात्रातल्या त्या विवरांत चमकता हिरवा रंग आणि कित्येक टन मीठ टाकण्यात आलं. साधारण अडीच दिवसांनी आखचा झरा हिरवा आणि खारट झाला. काळ्या समुद्राकडे निघालेलं पाणी जमिनीखालून वाट बदलून ऱ्हाइनच्या खोऱ्यात जातं, हे अशा रीतीने सिद्ध झालं. वरची नदी आणि खालचं पाणी एकच आहे, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता?

‘ओढा पावसावर चालतो’ हा मुद्दा अर्धाच खरा आहे. सगळं पाणी शेवटी पावसाचंच, पण कोणत्या पावसाचं? आठवडेच्या आठवडे थेंबही पडत नाही, तरी ओढा वाहत असतो. तेव्हा त्यात वाहणारं पाणी बहुतांशी आजूबाजूच्या जमिनीतून पाझरलेलं असतं. उन्हाच्या दिवसांत अशा ओढ्यात अनवाणी चालून पाहा. मधेच पायाला गार पट्टा लागतो. भूजलाचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, म्हणून जिथे ते तळातून वर येतं तिथे पाणी गार लागतं. संशोधक नेमका हाच धागा पकडतात आणि तळाशी तापमापक पुरून पाझराच्या जागा शोधतात. रेडॉन वायूही कामी येतो. तो खडकामातीत तयार होतो, भूजलात मिसळतो आणि उघड्या प्रवाहात लवकर उडून जातो, उरलेलाही ३.८ दिवसांत निम्मा होतो. ओढ्याच्या एखाद्या टप्प्यात रेडॉन अचानक वाढलेला सापडला, की जवळच भूजल आत शिरतंय हे कळतं.

आणि पुराचं काय? इथे तर जाणकारही एकेकाळी चुकले होते. मोठ्या पावसानंतर ओढा फुगतो तो त्याच पावसाचं पाणी जमिनीवरून धावत आल्यामुळे, असंच बराच काळ मानलं जाई. मग पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जड समस्थानिकांचं (त्याच मूलद्रव्याच्या जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण मोजता येऊ लागलं. पावसाच्या सरीची ‘खूण’ जमिनीत आधीपासून साठलेल्या पाण्याच्या खुणेपेक्षा वेगळी असेल, तर पुरात कुणाचा वाटा किती हे सांगता येतं. कॅनडातल्या स्क्लॅश आणि फार्वोल्डन या संशोधकांनी १९७९ मध्ये अशा मोजमापांतून दाखवलं, की त्यांच्या पाणलोटांत पुराचा मोठा भाग जुन्याच पाण्याचा होता. पुढे ओल्या हवामानातल्या इतर अनेक लहान पाणलोटांतही हेच दिसलं. नव्या पावसाचा दाब बसतो आणि आधी मुरलेलं पाणी पुढे ढकललं जातं. दाब पाण्यापेक्षा कितीतरी वेगाने पोचतो. हे सगळं जुनं पाणी खोल भूजलच असतं असं नाही, मातीतली ओलही त्यात येते. पण ‘ओढा वेगळा, जमिनीतलं पाणी वेगळं’ ही विभागणी मात्र उरत नाही.

माझ्या मते सगळ्यात घातक मुद्दा तिसरा, मुरतं त्यापेक्षा कमी उपसलं की नुकसान नाही. हिशेब इतका नेटका दिसतो, की कितीतरी धोरणांत तोच धरला गेला. त्याचं उत्तर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतल्या सी. व्ही. थाइस यांनी १९४० मध्येच दिलं होतं. विहीर खोदण्याआधी जमिनीत मुरणारं पाणी कुठे जात होतं? साठून फुगत नव्हतं. लांब काळाचा हिशेब केला, तर जेवढं मुरत होतं तेवढंच झऱ्यांतून, ओढ्यांतून, पाणथळीतून आणि झाडांच्या मुळांवाटे बाहेर पडत होतं. ते आधीच खर्ची पडलेलं होतं. नव्या विहिरीचं पाणी तीनच वाटांनी येऊ शकतं: साठा घटतो, बाहेर पडणारं पाणी घटतं, किंवा ओढ्यातलं पाणी उलटं जमिनीत ओढलं जाऊन भरणा वाढतो. तिन्हीत कुणाचं तरी जातंच. मुरणाऱ्या पाण्याच्या अगदी निम्मा उपसा केला, तरी ओढ्याकडे जाणारा वाटा कमी होणारच. प्रश्न इतकाच, की किती कमी झालेला आपल्याला चालेल. भूजलशास्त्रज्ञ जॉन ब्रेडहॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये या समजुतीला सरळ मिथक म्हटलं.

ओढ्यात पाणी दिसतंय म्हणजे खाली सगळं ठीक आहे, असंही त्याच मजकुरात सूचित केलं आहे. भूजलाची पातळी ओढ्यापेक्षा वर असेल तर ओढ्याला पाणी मिळतं, खाली गेली तर ओढाच जमिनीला पाणी देऊ लागतो. अमेरिकेतल्या सुमारे ४२ लाख विहिरींच्या पातळ्या जवळच्या प्रवाहांशी ताडून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६४ टक्के विहिरींत पाणी प्रवाहाच्या पातळीपेक्षा खाली होतं. तिथले प्रवाह वरून वाहते दिसले, तरी खालून गळत असण्याची शक्यता आहे.

खोल बोअरबद्दल फार लिहायला नको. ओढा आणि खोलवरचं पाणी यांच्या मधला चिकणमातीचा थर उपशाचा परिणाम थांबवत नाही, तो लांबवतो आणि पसरवतो. सहारातल्या न्युबियन वालुकाश्मासारखे हजारो वर्षांपूर्वीच्या पाण्याचे साठे आहेत हे खरं, पण तिथे उपसा थेट साठ्यातून होतो. त्याला प्रश्न मिटणं म्हणता येत नाही.

राहिला शेवटचा दिलासा, पंप बंद केला की ओढा परत. यासाठी एक हिशेब करून पाहिला. सरळ वाहणारा ओढा आणि एकसारखा वाळूचा थर धरा. थराची वहनक्षमता (तो पाणी किती सहज पुढे जाऊ देतो याचं माप) दिवसाला ५०० चौरस मीटर, साठवण-गुणांक (पातळी उतरली की तो किती पाणी सोडतो याचं माप) ०.१. ओढ्यापासून १ किलोमीटरवरच्या विहिरीतून सलग उपसा केला, तर सुमारे २०० दिवसांनी उपशातलं जवळपास निम्मं पाणी ओढ्याच्या वाट्याचं असतं. विहीर ३ किलोमीटरवर असेल तर त्याच टप्प्याला १८०० दिवस लागतात, कारण अंतर तिप्पट झालं की वेळ नऊपट होतो. आता या दूरच्या विहिरीतून फक्त १२० दिवस उपसा करून पंप बंद करा. ओढ्याची घट त्या दिवशी थांबत नाही, वाढत राहते आणि पंप बंद झाल्यावर सुमारे ८ महिन्यांनी शिखर गाठते. तोवर विहिरीतली पातळी बरीचशी भरून आलेली असते, पंप महिनोन् महिने बंद असतो आणि ओढा का रोडावतोय हे काठावरच्या कुणालाच उमगत नाही.