हिरव्या पानाला सर्टिफिकेट दिलं कुणी?

तान्ह्या बाळांच्या आयांच्या कुठल्याशा ग्रुपवरून फिरत फिरत बाळाच्या ओल्या वाइप्सबद्दलचं एक फॉरवर्ड आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पडलं. मजकूर थोडक्यात असा : "पाकिटावर हिरवं पान आणि बायोडिग्रेडेबल हा शब्द बघूनच वाइप्स घ्या. ते पान म्हणजे सरकारी मान्यता. आत ९९ टक्के पाणीच असतं, म्हणजे प्लास्टिकचा प्रश्नच नाही. वापरून झाले की बिनधास्त फ्लश करा, नाहीतर कचऱ्यात टाका, महिन्याभरात माती होते." खाली अंगठ्यांची रांग. सोसायटीच्या ड्रेनेजची कटकट माझ्या गळ्यात असल्यामुळे मला काही गप्प बसवेना.

आधी ते पान. खाण्याच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका कायद्याने सक्तीचा आहे, त्यामुळे हिरवं काही दिसलं की आपल्याला ते सरकारीच वाटतं. वाइप्सवरचं पान मात्र कंपनीच्या डिझायनरने काढलेलं असतं. पर्यावरणासाठी भारत सरकारची खरी खूण म्हणजे इकोमार्क. ती १९९१ साली आली आणि तिचं चिन्ह होतं मातीचं मडकं. हे मडकं तुम्ही दुकानात शेवटचं कधी पाहिलंत? मी तर कशावरच पाहिलेलं नाही. उलट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' असे शब्द नुसते चिकटवून चालणार नाही. दावा वस्तूबद्दल आहे, वेष्टनाबद्दल आहे की बनवण्याच्या पद्धतीबद्दल, हे सांगायला हवं आणि पुरावाही हवा. पुनर्वापराचा, म्हणजे रिसायकलिंगचा, बाणांचा त्रिकोण तर बऱ्याचदा फक्त वेष्टनापुरता असतो.

आता ९९ टक्के पाणी. हा हिशेब कापड भिजवलेल्या द्रवाचा आहे, कापडाचा नाही! कापड व्हिस्कोसचं, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेल्या धाग्याचं असू शकतं, पॉलिएस्टरचं, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याचं असू शकतं, दोन्हींची भेसळही असते. मी फॉरवर्डमधल्या फोटोतलंच पाकीट आणलं, एक वाइप दोरीवर कडकडीत वाळवला आणि मोरीत चिमट्यात धरून काडी लावली. एक कड कागदासारखी जळून भुरभुरीत राख झाली, पण तिच्यातच काळे कडक मणी गोळा झाले. नखाने फुटेनात. व्हिस्कोस जळतं, पॉलिएस्टर वितळून गोठतं. म्हणजे ९९ टक्क्यांच्या खाली प्लास्टिक निघालंच. युरोपीय संघात जुलै २०२१ पासून प्लास्टिक असलेल्या वाइप्सवर कासवाचं चित्र आणि 'यात प्लास्टिक आहे' अशी ओळ छापावीच लागते. जर्मनीहून येणाऱ्या भाचीच्या बॅगेत असं पाकीट मी पाहिलंय. आपल्याकडच्या पाकिटावर असं कासव शोधू नका.

फ्लशचं मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण भोगलंय. गेल्या पावसाळ्यात तळमजल्यावरच्या काकूंच्या न्हाणीघरात पाणी उलटं आलं. प्लंबरने चेंबर उघडून सळई घातली आणि बाहेर काढली ती एक राखाडी वेणी. "साहेब, हे सगळं ते बाळाचं ओलं फडकं," तो म्हणाला. तुपकट पाण्याने एकमेकांत गुंतून त्यांचा दोर झाला होता. घरी दोन बरण्यांत पाणी भरून बघा. एकीत टॉयलेट पेपर टाका, दुसरीत वाइप, आणि हलवा. पेपरचा थोड्या वेळात लगदा होतो. वाइप दुसऱ्या दिवशीही पिळून फरशी पुसण्याजोगा असतो. ओला असताना फाटू नये म्हणूनच तो तसा बनवलेला असतो, मग पाइपात त्याने वेगळं का वागावं? लंडनच्या व्हाइटचॅपलखाली २०१७ मध्ये सापडलेला चरबी आणि वाइप्सचा गोळा २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता. ब्रिटनमध्ये २०१९ पासून फ्लश करण्याजोग्या वाइप्ससाठी चाचणी करून दिलेली एक खूण होती. तीही पाणी कंपन्यांच्या संघटनेने २०२४ मध्ये बंद केली आणि वाइप सरळ डब्यात टाका म्हणून सांगितलं. ऑस्ट्रेलियात एका कंपनीला 'फ्लश करता येतात' या दाव्यापायी २०१८ मध्ये सात लाख डॉलर दंड झाला. आणि आपलं ते फॉरवर्डमधलं पाकीट? उलटं करून पाहिलं, तर कोपऱ्यात मुंगीएवढं चित्र : कमोड, आणि त्यावर काट.

राहिली महिन्याभरात होणारी माती. शुद्ध व्हिस्कोसचा किंवा सुती वाइप पॉलिएस्टरपेक्षा बरा, एवढं फॉरवर्डचं मला मान्य. पण 'कुजतो' म्हणजे कुठे, किती दिवसांत? कंपोस्ट होणाऱ्या, म्हणजे कुजून खत होणाऱ्या प्लास्टिकचं भारतीय मानक, आयएस १७०८८, घ्या. तिथे ९० टक्के विघटनाला १८० दिवसांपर्यंत मुभा आहे, आणि तीही चाचणीतल्या ५८ अंशांच्या उबेत. कचरा डेपोच्या ढिगात हवाच पोचत नाही. अमेरिकेत कचऱ्याचा अभ्यास करणारे पुरातत्त्वज्ञ विल्यम राथजे यांनी असे ढीग खणले, तेव्हा कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचता येतील अशी निघाली. तिथे जे कुजतं, त्यातूनही मिथेन हा हवामान तापवणारा वायू निघतो.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. तासाभराने तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंचा प्रश्न आला, "मग काका, प्रवासात काय करायचं?" मी लिहिलं, वापरा की, नाही कोण म्हणतं, फक्त कागदात गुंडाळून डब्यात टाका, आणि घरी असाल तर धुतलेलं मऊ सुती फडकं आहेच. त्यावर अंगठे आले तीन. त्यातला एक तळमजल्यावरच्या काकूंचा.